लोणारचे वानर आणि छायाचित्र



लोणारच्या विवरातील झाडीत काळ्या तोंडाचे वानर राहतात. उजळ आभाळासमोर त्यांचे छायाचित्र घेतल्यास तोंडाच्या जागी नुसता काळा डाग उमटतो. म्हणून सूर्य पाठीशी ठेवावा. विवराच्या उतारावरील वाटेने शेंड्यांच्या उंचीस उभे राहावे, म्हणजे वानरामागे आभाळाऐवजी झाडी येते.

चित्रासाठी फुटाणे मात्र कदापि टाकू नयेत. त्यायोगे वानर पाला-फळे सोडून माणसांच्या पिशव्यांवर झडप घालू लागतात, आणि पुढच्या सहलीतील मूल ओरबाडले जाते. शिवाय हे स्थळ २००० सालापासून अभयारण्य आहे.

मुलांना आधी अर्धा तास स्तब्ध बसवावे व पाहिलेले वहीत लिहवून घ्यावे. चित्र न साधले तरी निरीक्षण वाया जात नाही.