पुस्तकातला चौकोन

आज घरी गेल्यावर लेकराचं बालभारतीचं पुस्तक उघडा. त्यात ठिपक्यांचा एक चौकोन दिसेल. तो क्यूआर कोड. दुकानात पैसे देताना स्कॅन करतो ना, तसाच. दीक्षा ॲपमधून स्कॅन केला की धड्याचे व्हिडिओ फुकट दिसतात.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी असे कोड वापरले. २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला.

पण बायांनो, घरातला फोन बहुतेक वेळा माणसासोबत कामावर जातो. संध्याकाळी आला की आधी पोराच्या हातात, पोरीचा नंबर शेवटी. म्हणून गटाच्या बैठकीला एक फोन मध्ये ठेवा, भोवती चार-पाच लेकरं बसवा. पाच मिनिटं व्हिडिओ, मग फोन बाजूला. अपूर्णांक पाहिला, तर भाकरीचे चार भाग त्यांनाच करू द्या. व्हिडिओ दाखवतो, शिकणं हातानं होतं.

आणि शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानं निम्म्या बायाच असतात. बैठकीत एवढं विचारा: शाळेतला टीव्ही, संगणक वर्गात चालतो, की कपाटात बंद आहे? विचारायला लाजू नका. लेकरं आपली आहेत.