ठोक्यांची गोळी आणि बाईचं वजन
(आरोग्य शिबिरातील भाषणाचं शब्दांकन)



छातीत धडधडतं असं बाईने सांगितलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "फार विचार करतेस." यावर आपण अनेकदा बोललोय. आज त्यापुढचं बोलू. ईसीजी निघाला, निदान झालं, गोळी हातात पडली. मग काय?

आपल्याकडे लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेल्या बायका पुष्कळ. अशा हृदयाचा वरचा कप्पा ताणला जातो, थरथरू लागतो आणि ठोके वेडेवाकडे पडतात. तेव्हा बऱ्याचदा डिगॉक्सिन देतात. ही गोळी ठोक्यांचा वेग कमी करते, त्यांना शिस्त लावत नाही. हे बाईला कुणी सांगतच नाही. (रक्त पातळ ठेवणारी गोळी वेगळी, तिच्यावर स्वतंत्र बैठक घ्यावी लागेल.)

औषध जुनं, एका झाडाच्या पाल्यातून आलेलं. विल्यम विदरिंग या इंग्लिश डॉक्टरांनी १७८५ साली त्यावर पुस्तक लिहिलं. श्रॉपशायरमधल्या एका म्हातारीच्या काढ्यावरून आपल्याला हे कळलं, असं त्यांनीच त्यात म्हटलंय. म्हातारीचं नाव मात्र पुस्तकात नाही!

पुढे हृदय दुबळं झालेल्या ६८०० रुग्णांवर याची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष १९९७ साली आले. मृत्यू वाढले नाहीत, कमीही झाले नाहीत. पण त्यात बायका होत्या पाचात एक. २००२ साली संशोधकांनी तेच आकडे बायकांचे वेगळे काढून पाहिले, तर गोळी घेणाऱ्या बायकांमध्ये मृत्यू जास्त दिसले. रक्तात औषध जास्त साठल्याने असं झालं असावं, असं नंतरच्या अभ्यासांतून पुढे आलं. ते रुग्ण ठोक्यांच्या विकाराचे नव्हते, हे खरं. तरीही वजन कमी, मूत्रपिंड मंद, त्या शरीरात ही गोळी साठते, हे सगळ्यांना लागू आहे. चाळीस किलोच्या बाईला सरधोपट डोस का?

औषध जास्त झालं की अन्नावरची वासना जाते, मळमळतं, नजरेला पिवळट दिसतं, नाडी मंदावते. आता सांगा, जेवण जात नाही म्हणणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? उपास धरलास का, पित्त झालं का. गोळीचा संशय कुणालाच येत नाही. त्यात लघवीची गोळी चालू असेल, जुलाब-उलट्या झाल्या असतील, तर पोटॅशियम घसरतं आणि धोका वाढतो.

म्हणून विचारा: माझ्या वजनाला हा डोस बरोबर आहे का? क्रिएटिनिन, पोटॅशियम कधी तपासलं? दुसऱ्या दुखण्यासाठी कुठलंही औषध घेताना ही गोळी चालू असल्याचं सांगा. गोळी आपल्या मनाने बंद करू नका. नाडी मिनिटाला साठच्या खाली गेली, तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

ती मोजता यायला हवी. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, ठोके अनियमित असतात. पूर्ण मिनिट. चला, शेजारणीचं मनगट धरा, अंगठ्याच्या बाजूला तीन बोटं ठेवा. घड्याळ मी बघते.