पासबुकाला चार प्रश्न विचारा

(प्रभागसंघाच्या बैठकीत आर्थिक साक्षरतेच्या तासाला झालेलं हे बोलणं. कामामुळे येऊ न शकलेल्या सभासदांसाठी आणि गटाच्या बैठकीत वाचून दाखवण्यासाठी इथे देत आहोत.)



आजच्या विषयाचं नाव कागदावर 'बँकेचे शब्द समजून घेऊ' असं आहे. ऐकूनच काही जणींना जांभई आली असेल. पण मला सांगा, 'उचल' म्हणजे काय हे इथे कुणाला शिकवावं लागेल का? दिवाळी झाली की आपल्याकडची माणसं दिंडोरी-पिंपळगावकडे द्राक्षाच्या कामाला जातात. मुकादमाकडून उचल किती घेतली, किती फिटली, अंगावर किती राहिली, हे शाळेची पायरी न चढलेली बाईसुद्धा तोंडी सांगते. म्हणजे हिशोब आपल्याला येतो. आपण अडतो बँकेच्या शब्दांपाशी. शब्द कळला नाही की आपण विचारत नाही, आणि विचारलं नाही की दुसरा बोट दाखवेल तिथे अंगठा लावतो.

सातारा जिल्ह्यात माण तालुक्यात म्हसवड म्हणून गाव आहे, दुष्काळी भाग. तिथे चेतना गाला सिन्हा यांनी गावच्या बायांना घेऊन बायांचीच बँक काढायचं ठरवलं. परवान्यासाठी अर्ज केला, तर रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. कारण काय, तर अर्ज करणाऱ्या बऱ्याच बायांना लिहिता-वाचता येत नव्हतं. बाया लिहायला शिकल्या आणि काही महिन्यांनी परत गेल्या. त्यांनी साहेबांना सांगितलं की आम्हाला व्याज काढता येतं, कुठल्याही रकमेचं विचारा. आणि तुमच्या माणसांनाही यंत्राशिवाय काढायला सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. त्या बायांची हिशोबाची अक्कल आपल्यापेक्षा वेगळी नव्हती. त्या विचारायला लागल्या, एवढाच फरक.

म्हणून आज शब्दांची यादी पाठ करायची नाही. आपल्या पासबुकाला चार प्रश्न विचारायचे. शब्द त्यातच येतील.

पहिला प्रश्न : माझा पैसा आहे कुठे?

आपल्या प्रत्येकीची निदान दोन खाती असतात. एक गटाचं बचत खातं. ते गटाच्या नावावर असतं आणि ठरावाने नेमलेल्या पदाधिकाऱ्यांच्या सह्यांवर चालतं. त्यातला पैसा सगळ्यांचा. त्यात माझी बचत किती, हे माझ्या सभासद पासबुकात दिसतं. म्हणून ते पुस्तक दर बैठकीला भरून घ्यायचं, 'पुढच्या वेळी दोन्ही महिन्यांचं लिहू' म्हणायचं नाही. दुसरं, माझं स्वतःचं वैयक्तिक खातं. बहुतेकींचं जनधनचं. ही योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली. या खात्यात 'किमान शिल्लक' लागत नाही, म्हणजे शून्य रुपये असले तरी दंड नाही. साध्या बचत खात्याला मात्र काही बँका किमान शिल्लक मागतात आणि ती नसली की पैसे कापतात. आपलं खातं कुठल्या प्रकारचं आहे, हे बँकेत विचारून घ्या.

आता लाडकी बहीणचे १५०० रुपये. 'मावशीचे आले, माझे आले नाहीत' ही तक्रार आपण सगळ्यांनी ऐकली आहे. अनेकदा पैसे आलेले असतात, पण दुसऱ्याच खात्यात. आधार कार्डाची झेरॉक्स आपण तीन बँकांत दिलेली असते. ती ओळखीसाठी, म्हणजे केवायसीसाठी. सरकारी पैसा थेट खात्यात येतो, त्याला डीबीटी म्हणतात, आणि त्यासाठी आधार एकाच खात्याला जोडलेलं असतं. त्या जोडणीला 'आधार सीडिंग' म्हणतात. जे खातं शेवटी जोडलं, त्यात पैसा जातो. म्हणून बँकेत 'माझं आधार लिंक आहे का' एवढंच विचारू नका. 'माझं आधार डीबीटीसाठी कुठल्या बँकेला सीडिंग आहे' असं विचारा. उत्तर वेगळं मिळेल.

आणखी एक. बँक, पतसंस्था आणि भिशी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला फक्त १००० रुपये काढता येत होते. लोक रडकुंडीला आले होते. बँक बुडाली तर 'ठेव विमा' असतो. एका माणसाच्या एका बँकेतल्या ठेवींना व्याजासह ५ लाख रुपयांपर्यंत. ४ फेब्रुवारी २०२० च्या आधी हा विमा १ लाखाचाच होता. सहकारी बँकेतल्या ठेवीलाही तो लागू आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, भिशीला तर नाहीच. पतसंस्था वाईट असते असं मी म्हणत नाही. पण जास्त व्याजाच्या आशेने लेकीच्या लग्नाची सगळी रक्कम तिथे ठेवायची की नाही, हे हा फरक माहीत असताना ठरवा.

दुसरा प्रश्न : किती आले, किती गेले?

पासबुकात तीन रकाने बघायचे. 'जमा' म्हणजे क्रेडिट, आत आलेले. 'नावे' म्हणजे डेबिट, बाहेर गेलेले. 'शिल्लक' म्हणजे बॅलन्स, उरलेले. गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर अंगठा लावून पैसे काढले की पावती घ्या आणि पावतीवरची शिल्लक तिथेच वाचा, नाही तर मुलाकडून वाचून घ्या. यंत्र 'व्यवहार झाला नाही' म्हणालं आणि दुसऱ्यांदा अंगठा लावायला सांगितला, तर आधी शिल्लक तपासायला लावा. हा आपला हक्क आहे, भांडण नव्हे.

'नावे'च्या रकान्यात कधी ४३६ आणि २० रुपये दिसतात. बाया म्हणतात, 'बँकेने पैसे खाल्ले.' तसं नाही. ४३६ रुपये जीवन ज्योती विम्याचे आणि २० रुपये सुरक्षा विम्याचे. जीवन ज्योतीत १८ ते ५० वयात नाव घालता येतं. माणूस कशानेही गेला तरी घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. सुरक्षा विमा अपघाताचा, १८ ते ७० वयापर्यंत. अपघाती मृत्यूला २ लाख. हे पैसे वर्षातून एकदा खात्यातून आपोआप कापले जातात, त्याला 'ऑटो डेबिट' म्हणतात. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे.

आता आपल्याकडची गोम बघा. मे अखेरीला आपण काय करतो? बी-बियाणं, खत, घराची शाकारणी आणि आवणीची तयारी यासाठी खातं धुऊन-पुसून रिकामं करतो. नेमका त्याच दिवसांत हप्ता कापायचा असतो. खात्यात पैसे नाहीत, हप्ता कापला जात नाही, विमा बंद. पुढे पावसाळ्यात काही बरंवाईट झालं तर घरचे बँकेत जातात आणि रिकाम्या हाताने परत येतात. म्हणून गाठ मारून ठेवा : मे महिन्यात पैसे काढताना दोन्ही विम्यांचे मिळून ४५६ रुपये खात्यात राहू द्यायचे. आणि जूनमध्ये पासबुक भरून कपात झाली की नाही ते बघायचं.

दोन वर्षं खात्यात आपण काहीच देवघेव केली नाही तर खातं 'निष्क्रिय' होतं. पैसा बुडत नाही. आधार, फोटो घेऊन केवायसी पुन्हा दिलं की खातं चालू होतं आणि त्यासाठी बँक पैसे घेऊ शकत नाही. दहा वर्षं तसंच राहिलं तर पैसा रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातो. तरीही खातेदार किंवा वारस आपल्या बँकेत अर्ज करून तो मागू शकतात. सासूबाईंच्या पेटीत जुनं पासबुक असेल तर फेकू नका.

तिसरा प्रश्न : व्याज किती, आणि कशावर?

कर्ज देणारा म्हणतो, 'फक्त दोन टक्के.' लगेच विचारा, महिन्याला की वर्षाला? महिन्याला शेकडा २ म्हणजे वर्षाला २४ टक्के. सावकाराचा शेकडा ५ म्हणजे वर्षाला ६० टक्के. बँक १२ टक्के म्हणते ते वर्षाचं असतं, म्हणजे महिन्याला शेकडा १. ऐकायला १२ मोठा आणि २ लहान. खिशाला उलटं.

दुसरं विचारायचं, व्याज मूळ रकमेवर की उरलेल्या रकमेवर? समजा, १०,००० रुपये घेतले, दहा महिन्यांत फेडायचे, महिन्याला १००० मुद्दल आणि शेकडा २ व्याज. उरलेल्या रकमेवर व्याज धरलं तर पहिल्या महिन्यात २००, दुसऱ्यात १८०, तिसऱ्यात १६०, असं उतरत शेवटच्या महिन्यात २०. एकूण व्याज ११०० रुपये. पण मूळ रकमेवर धरलं, ज्याला 'फ्लॅट' व्याज म्हणतात, तर दर महिन्याला २००च. एकूण २००० रुपये. दर तोच, 'दोन टक्के'. फरक ९०० रुपयांचा. नऊशे रुपयांत घरात काय काय येतं ते मी सांगायला नको.

दारात येऊन कर्ज देणाऱ्या मायक्रोफायनान्स कंपन्यांसाठी रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासूनचे नियम आहेत. कर्ज घेणारीला समजेल अशा भाषेत एक तक्ता द्यावा लागतो. त्यात वार्षिक व्याज आणि सगळे खर्च धरून कर्ज किती टक्क्यांना पडतं ते लिहिलेलं असतं. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड लावता येत नाही. तो मराठी कागद मागा. कागद नाही तर सही नाही.

बचतीलाही हाच नियम. बचत खात्यावर व्याज थोडं असतं, पण पैसा कधीही काढता येतो. 'आवर्ती ठेव' म्हणजे आरडी, दर महिन्याला ठरलेली रक्कम. पोस्टात ती १०० रुपयांपासून सुरू होते, पाच वर्षांची. 'मुदत ठेव' म्हणजे एफडी, एकरकमी ठेवायची आणि मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळतं. दवाखान्यासाठीचा पैसा बचत खात्यात, लेकीच्या शिक्षणाचा आरडीत, द्राक्षाच्या कामावरून एकदम आलेला पैसा एफडीत, अशी वाटणी करता येते.

चौथा प्रश्न : माझ्यामागे हा पैसा कोणाच्या हाती जाईल?

खात्यावर 'नॉमिनी' म्हणून एक नाव असतं. आपण गेल्यावर बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यायचे ते हे नाव. वारसांचा हक्क त्याने मोडत नाही, पण पैसा बँकेतून लवकर सुटतो. नाव नसेल तर घरच्यांना वारसाचे कागद, सगळ्यांच्या सह्या, तालुक्याच्या खेपा. २०१४-१५ ला खाती काढली तेव्हा कुणी वडिलांचं, कुणी सासूचं नाव दिलं. त्यातली काही माणसं आता नाहीत. नाव बदलायला एक फॉर्म भरावा लागतो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. दोन लेकी असतील तर दोघींची घाला.

एवढं विचारूनही बँकेत उत्तर मिळालं नाही तर लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यांचा फोन १४४४८. आणि कोणी फोनवर ओटीपी किंवा पिन मागितला, तर तो बँकेचा माणूस नाही. चुकून पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन.

पुढच्या बैठकीचं काम सांगते. प्रत्येकीने आपलं वैयक्तिक पासबुक भरून आणायचं. सचिवांनी वहीत चार रकाने आखायचे : डीबीटीचं खातं कुठलं, विम्याची कपात झाली का, अंगावरच्या कर्जाचं वर्षाचं व्याज किती, नॉमिनी कोण. जिचा रकाना रिकामा राहील, तिच्याबरोबर बँक सखी आणि गटातली एक जण बँकेत जाईल. एकटीला कोणी पाठवायचं नाही.