चिरुटाची परीक्षा



जालन्यासारख्या मोसंबीच्या आणि बियाण्यांच्या गावात चिरुटावर काय बोलायचे, असे आपल्यापैकी कित्येकांस वाटले असेल. विडी सर्वांच्या परिचयाची. चिरूट मात्र बहुतेकांनी चित्रपटातल्या खलनायकाच्या ओठांतच पाहिलेला. तरी हे गाव चिरुटाला अगदीच परके नाही. एकोणिसाव्या शतकात इथे छावणी होती, तीत मद्रासकडच्या पलटणी येऊन राहत, आणि त्रिचनापल्लीचा चिरूट हा त्या प्रांतातल्या गोऱ्या अंमलदारांचा नित्याचा सोबती. शब्दही तिकडचाच. तमिळमध्ये ‘सुरुट्टु’ म्हणजे गुंडाळी. कॉनन डॉइलचा शेरलॉक होम्स 1887 सालच्या आपल्या पहिल्याच कथेत जमिनीवरची राख पाहून ‘हा त्रिचनापल्लीचा’ असे सांगतो. राखेवरून जात ओळखता येते खरी. पण ओढणाऱ्याला तो कसा लागला, हे राख सांगत नाही. आम्हांस आज बोलावयाचे आहे ते त्या लागण्याविषयी. चवीला गुण देता येतात काय, आणि ते कोणी द्यावेत?

उंची चिरूट हाताने वळतात. पोटात लांब, अख्खी पाने. त्यांना आवळून धरणारे एक पान. आणि सर्वांवर गुळगुळीत, एकसारख्या रंगाचे वेष्टन. वळण्याआधी पाने वाळवून त्यांचे ढीग रचतात. ढीग आतून तापतो, तो मोडून पुन्हा रचतात, आणि असे महिनोन्‌महिने चालते. या आंबण्यात पानातला हिरवट उग्रपणा आणि अमोनियाचा दर्प निघून जातो. घाईने बाजारात आणलेला चिरूट जिभेला चावतो, तो बहुधा याच कारणाने. तयार मालही शेकडा 70 च्या आसपास ओलावा राहील अशा लाकडी पेटीत जपावा लागतो. आमच्या मराठवाड्याच्या मे महिन्यात तो उघडा टाकला तर त्याचा पापड व्हायचा.

परीक्षक हा चिरूट हाती येताच पेटवीत नाही. तो आधी बोटांनी हलके दाबून पाहतो, कुठे गाठ आहे, कुठे पोकळ आहे. मग टोक कापून, न पेटविताच एक झुरका घेतो. वारा सुखाने येतो की अडतो हे तेव्हाच कळते. पेटविताना ज्योत पानाला भिडू न देता कडा सावकाश शेकावयाची. पुढे मिनिटाला साधारण एक झुरका, याहून घाई नाही. घाई केली की आतला विस्तव वाढतो आणि धूर कडू होतो. धूर छातीत घ्यावयाचा नाही, तोंडात घोळवून थोडा नाकावाटे सोडावयाचा. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा वाटा नाकाचा असतो. सर्दी झालेल्या माणसाला आमटी का सपक लागते, हे गृहिणींना सांगावयास नको. आपले षड्रस जिभेपुरते. परीक्षक जे शब्द वापरतात ते जवळजवळ सगळे वासाचे: भाजलेले दाणे, कोको, कॉफी, मिरी, चामडे, ओली माती. पहिला, मधला आणि शेवटचा भाग यांची टिपणे वेगळी ठेवतात, कारण शेवटाकडे धूर कडक होत जातो. इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. कडक म्हणजे चांगला नव्हे. डोके गरगरविणे हा निकोटिनचा प्रताप. त्याचे गुण कारागिराला देऊ नयेत.

अमेरिकेत 1992 साली चिरुटांनाच वाहिलेले एक मासिक निघाले. त्याने 100 गुणांची पद्धत रूढ केली: रूप व बांधणी 15, चव 25, जळण्याची रीत 25, आणि एकंदर ठसा 35. गंमत पाहा. सर्वांत जास्त गुण ज्याला नाव देता आले नाही त्याला! आम्हांस हा दोष वाटत नाही. नाव न देता येणारे पुष्कळ असते हे त्यांनी निदान मान्य केले. मात्र त्या पद्धतीतले खरे शहाणपण गुणांत नाही. चिरुटावरचे कंपनीचे कागदी कडे काढून, नुसता आकडा घातलेले पांढरे कडे चढवून तो परीक्षकापुढे ठेवतात, यात ते आहे.

कडे काढले नाही की काय होते? 1604 च्या सुमारास असदबेग नावाचा सरदार विजापुराहून अकबरासाठी तंबाखू घेऊन गेला. त्याची हकीगत त्यानेच लिहून ठेवली आहे. तीन हातांची रत्नजडित नळी, यमनी अकीकाचे मुखपट्ट, सोन्याची चिलीम, आणि हे सारे चांदीच्या तबकात. बादशहाने दोनतीन झुरके घेतले, तोच हकीम मध्ये पडला. औषध की विष, यावर दरबारात वाद झाला. चवीविषयी कोणी अवाक्षर काढल्याचे दिसत नाही. गुण तबकालाच गेले असावेत. पुढे 1617 साली जहांगिराने तंबाखू ओढण्यास बंदी केली, ती कोणी फारशी मानली नाही.

याहून अवघड जागा म्हणजे परीक्षक आणि गिऱ्हाईक एकच असतो ती. सीमाभागातले निपाणी हा विडीच्या तंबाखूचा मराठी मुलूख. तिथे शेतकऱ्याच्या पानाची प्रत ठरविणार व्यापारी, आणि त्या प्रतीप्रमाणे पैसे देणारही व्यापारीच. नाक त्याचे, तागडी त्याची, थैलीही त्याची. 1981 च्या मार्च महिन्यात शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली हजारो शेतकरी भावासाठी पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले. 6 एप्रिलला त्यांना उठविताना गोळीबार झाला आणि माणसे मेली. पानाला किती गुण, हा प्रश्न तिथे शौकाचा उरला नव्हता.

आणखी एक रकाना गुणपत्रिकेत नसतोच. एका मोठ्या चिरुटात सिगारेटच्या आख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, आणि धूर छातीत घेतला नाही तरी तोंड आणि घसा यांची सुटका होत नाही. परळचे टाटा रुग्णालय 1941 साली सुरू झाले. तिथल्या तोंडाच्या कर्करोगाच्या रोग्यांत आपल्या भागातली माणसेही असतात. तेव्हा आमचे व्याख्यान ऐकून कोणी चिरूट आणावयास निघू नये.

परीक्षेची हौसच असेल तर मोसंबी घ्या. आपल्याकडे व्यापारी बाग उक्ती घेतो. झाडे पाहतो, एखादे फळ कापतो आणि आकडा सांगतो. बागवानाला तो आकडा पटला नाही तरी स्वतःचा आकडा त्याच्याजवळ नसतो. पाच बागांतली फळे आणावीत, सोलून पाच ताटल्यांत ठेवावीत, ताटल्यांना नुसते आकडे द्यावेत. ज्यांना घ्यावयाचे नाही आणि विकावयाचेही नाही अशी चार माणसे बसवावीत. मुले असली तर फारच उत्तम. रस, गोडी, आंबटपणा, मागाहून येणारा कडवटपणा यांचे गुण निरनिराळे लिहावेत, आणि एकंदर ठशासाठी थोडे राखून ठेवावेत. फळ कोणाच्या बागेचे, ते कागद गोळा झाल्यावर उघडावे.