दोन इंच फोम आणि कोकणची गाडी
(कापडे येथील संमेलनातील स्वागताध्यक्षीय भाषण)



 आमच्या कापडे गावातला हाच रस्ता पुढे उमरठला जातो, तिथे नरवीर तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. मागे पोलादपुरात शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी आहे. विद्वानाने राज्यकारभाराजवळ बसावं, ही गोष्ट आमच्या तालुक्याला नवी नाही. म्हणूनच प्रा. मधु दंडवते यांच्या स्मरणासाठी भरलेलं हे संमेलन आम्ही हट्टाने मागून घेतलं.

काहींनी विचारलं, दंडवते तर राजापूरचे खासदार, जन्म अहमदनगरचा, त्यांचा आणि आपला संबंध काय? संबंध आहे. १९२७ साली बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. त्याच बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं, गोरगरिबांच्या, नोकरी करून शिकणाऱ्या मुलांसाठी. त्या महाविद्यालयात दंडवते पदार्थविज्ञान शिकवत होते, पुढे त्या विभागाचे प्रमुख झाले. बेचाळीसच्या लढ्यातून आलेला, गोवा मुक्तिसंग्रामात उतरलेला हा समाजवादी तरुण रोज फळ्यासमोर उभा राहत होता. खडू हातातला सुटला तो १९७१ साली. त्या वर्षी बॅरिस्टर नाथ पै गेले आणि राजापूरची जागा दंडवत्यांकडे आली. तेव्हापासून सलग पाच निवडणुकांत कोकणाने त्यांना निवडून दिलं.

मी स्वतः आयुष्यभर मास्तरकी केली. त्यामुळे मला त्यांच्यातला मास्तर आधी दिसतो. तयारी केल्याशिवाय वर्गात जायचं नाही, हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. संसदेत ते तसेच बोलायचे. आकडा हवा तर आकडा, नियम हवा तर नियम. आवाज चढवून वेळ मारून नेणं त्यांच्याकडे नव्हतं.

आता एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो. १९७६ साली मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि एका लग्नासाठी नागपूरला निघालो होतो. दुसऱ्या वर्गाचा डबा, वरचा बर्थ. बर्थ म्हणजे नुसत्या लाकडी फळ्या. धोतराची घडी खाली घातली, तिच्यावर टॉवेल घातला, तरी सकाळी उठलो तेव्हा कमरेवर फळीची कड उमटलेली होती. शेजारी एक म्हातारी रात्रभर बसून होती, कारण तिला त्या लाकडावर आडवंच होता येईना. दुसऱ्या वर्गाने जायचं तर हे सोसायचंच, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. १९७७ साली दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि त्या फळ्यांवर दोन इंच जाडीचा फोम आला, वर रेक्झिन. बस, दोन इंच! आज हा मांडव भरून बसलेल्या तरुणांना त्याचं काही वाटणार नाही, कारण त्यांनी फळी पाहिलीच नाही. पण पहिल्या वर्गाबाहेरचा माणूसही पाठ असलेला माणूस आहे, हे मंत्र्याच्या लक्षात यावं लागतं. त्याच वर्षी डिसेंबरात वर्गभेद नसलेली गीतांजली एक्स्प्रेस मुंबई-हावडा धावू लागली. १९७४च्या संपात नोकरी गेलेले रेल्वे कामगार कामावर परतले, तेही त्यांच्याच काळात.

हे सगळं तुरुंगातून सुटून आल्यानंतरचं बरं का. आणीबाणीत त्यांना बंगळूरला पकडलं होतं आणि तिथल्याच कारागृहात ठेवलं. त्यांच्या पत्नी प्रमिलाताई येरवड्याला. नवराबायको दोन तुरुंगांतून एकमेकांना पत्रं लिहीत राहिले.

आणि कोकण रेल्वे! १९८६ साली रूळ रोह्यापर्यंत आले होते, पुढे डोंगर. १९८९ साली योग जुळून आला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री, दंडवते अर्थमंत्री. नेहमीच्या अर्थसंकल्पातून पैसे मिळायची वाट पाहिली असती तर आणखी एक पिढी एसटीच्या टपावर गेली असती. म्हणून १९९० साली स्वतंत्र महामंडळ काढलं. ५१ टक्के भांडवल रेल्वेचं, उरलेलं महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळचं, आणि बाकी पैसा रोख्यांतून उभा केला. मोहिमेची सूत्रं ई. श्रीधरन यांच्याकडे. १९९३ साली गाडी रोह्याहून आपल्या वीर स्टेशनात आली. १९९८च्या प्रजासत्ताक दिनी संपूर्ण मार्ग खुला झाला. वीर, सापे वामणे, करंजाडी, विन्हेरे ही नावं वेळापत्रकात छापून आली, त्यामागे या प्राध्यापकाचा मोठा वाटा आहे.

गाडीसाठी डोंगरात अजून बोगदे खणले जात होते, तेव्हाच, १९९१ साली, दंडवते निवडणूक हरले. त्या पराभवाचं मला आजही वाईट वाटतं. पण त्यांनी काम थांबवलं नाही. १९९६ साली ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. २००५ साली, ८१व्या वर्षी, गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह जे. जे. रुग्णालयाला दिला गेला. विज्ञानाचा प्राध्यापक, शेवटीही विद्यार्थ्यांच्याच उपयोगी पडला.

नात्याचं बोलायचं तर शेजारच्या महाड तालुक्यातल्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख हेही देशाचे अर्थमंत्री होते आणि मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं. इथल्या मातीला अशी माणसं ठाऊक आहेत. म्हणून इथे जमलेल्या शिक्षकांना माझं एक मागणं आहे. तुमच्या वर्गातल्या हुशार पोराने राजकारणात जायचं म्हटलं तर त्याला हसू नका, रोखू नका. त्याला वाचायला लावा, हिशेब तपासायला शिकवा, आणि ग्रामसभेत उठून प्रश्न विचारायला पाठवा.

दुपारी तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं सगळ्यांसाठी आहे. आमच्या बायाबापड्यांनी पहाटेपासून चुली पेटवल्या आहेत, जेवल्याशिवाय कुणी जाऊ नये.  आता संमेलनाध्यक्षांना विनंती करतो की त्यांनी दीपप्रज्वलन करून संमेलनाचं उद्घाटन करावं.