नको असलेल्या वस्तूंचा विनियोग
(वार्षिक ज्ञातिमेळाव्यात केलेले भाषण)



आमचा आजचा विषय घरगुती आहे. माळ्यावर आणि पलंगाखाली वर्षानुवर्षे पडून असलेल्या वस्तूंविषयी दोन शब्द बोलण्याची आम्ही अनुज्ञा मागतो.

आमच्या बालपणी वापरती वस्तू टाकून देणे हा विचारच कोणास शिवत नसे. आईचे लुगडे विरले की त्याची वाकळ होई; थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगात जाई; उरलेसुरले कपडे बोहारणीस देऊन एखादे भांडे घेतले जाई. तान्ह्या बाळाची पहिली झबली जुन्या, मऊ कापडाचीच शिवीत. पाळणा तर आळीत घरोघर फिरे. घेण्यात कमीपणा नव्हता, कारण आज घेणारा उद्या देणारा असे.

आता घरे लहान झाली आणि वस्तू वाढल्या. देण्याची इच्छा आहे. परंतु देण्याची रीत आपण विसरलो आहोत. हे आम्ही स्वतःच्याच चुकीतून शिकलो. शिक्षक असताना एका गरीब विद्यार्थ्यास आम्ही दुसऱ्याचा जुना गणवेश भर वर्गात, दात्याची स्तुती करून दिला. मुलाने तो मान खाली घालून घेतला. दुसऱ्या दिवशी त्याची आई आली. गणवेश धुऊन, घडी करून तिने टेबलावर ठेवला आणि ती म्हणाली, "गुरुजी, फाटका असला तरी त्याला त्याचाच बरा." आम्ही निरुत्तर झालो. औदार्य आम्ही मिरविले, आणि लाज त्या मुलाच्या वाट्यास आली.

श्री. अंशू गुप्ता यांनी १९९९ साली स्थापिलेल्या 'गूंज' या संस्थेने हे मर्म ओळखले. खेड्यातील लोक विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून शहरातून आलेले कपडे घेतात. घेणाऱ्याची मान ताठ राहते. श्री. गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आपल्याकडे याहूनही सोपा मार्ग आहे. लग्नकार्यास संस्थेची पातेली आणि सतरंज्या नेताना श्रीमंतास वा गरिबास संकोच वाटत नाही, कारण त्या सर्वांच्या आहेत. तद्वत् घरातील निरुपयोगी झालेल्या वस्तू प्रथम संस्थेच्या कराव्यात. शालेय पुस्तके परीक्षा संपताच द्यावीत. मात्र अभ्यासक्रम बदललेल्या इयत्तेची देऊ नयेत. आजारपण सरले की चाकांची खुर्ची, वॉकर, रुग्णाची खाट ही अडगळ होते. तीच दुसऱ्या घरी निकडीची असते. वस्तू स्वच्छ व दुरुस्त करूनच द्यावी. जी आपण स्वतः वापरणार नाही, ती दुसऱ्यास देऊ नये. नोंदवहीत वस्तूचे नाव असावे, दात्याचे नसावे. शेजारच्या अन्य ज्ञातींच्या कुटुंबांसही हे दार मोकळे असावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, सुस्थितीतील कुटुंबांनी येथून वस्तू न्यावयासही आले पाहिजे. केवळ गरजूंनीच नेले, तर तो पुन्हा धर्मादाय होईल. लवकरच आमच्या घरी पाळणा लागणार आहे. संस्थेने आमची सूचना मान्य केल्यास आम्ही तो विकत न घेता येथूनच नेऊ, आणि बाळ चालू लागताच परत आणून देऊ.