हरणाचा चारा कोणाच्या वावरात?

(अनसिंग येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अंधार पडायच्या आत बऱ्याच जणांना जागलीला परत जायचं आहे, म्हणून सरळ विषयालाच हात घालतो. सोयाबीन कोंब धरतं तेव्हा हरीण, तूर फुलावर येते तेव्हा रोही, हरभरा घाट्यावर आला की दोघंही, आणि वरून रानडुक्कर. दिवसा मजुरी करायची आणि रात्री धुऱ्यावर शेकोटी पेटवून बसायचं, अशी आपली गत आहे. म्हणून कोणी म्हणतं, फासे लावू. कोणी म्हणतं, कुंपणात करंट सोडू. उद्या एखादा मोठा जमीनदार तिसरीच गोष्ट सांगेल: माझ्या पडीत वावरात हरभरा फेका, हरणं जमू द्या, बंदूकवाला मी आणतो, तुम्हाला रात्रीची मजुरी देतो. वावर माझं, कोण विचारतो?

या तिसऱ्या गोष्टीवर आधी बोलू, कारण ती वरून बिनधोक दिसते.

अमेरिकेत जमीनमालक हे उघड करतात. रानाच्या कडेला लहान लहान तुकडे राखतात, त्यात क्लोव्हर, ओट, मका पेरतात. हरीण कोणत्या वाटेनं येईल, वारा कुठून वाहील, मचाण कुठं बांधायची, याचा नकाशा काढतात. हंगाम उघडला की परवाना घेऊन मारतात. तिथं ते चालतं. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, आणि त्यात शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नव्हे. फासा लावणं, हाका करणं, आमिष लावणं, यातलं काही करायचा नुसता प्रयत्न करणं, सगळं शिकारच. सातबारा कोणाच्या नावावर आहे हे तिथं कामाला येत नाही. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला किमान 3 वर्षं आणि 7 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

मग आत कोण जाईल? बंदूकवाला गाडीत बसून निघून जाईल. हरभरा फेकणारा, मचाणीवर बसणारा, ओझं वाहणारा सापडेल. तो आंध असेल, नाहीतर फासेपारधी. पारध्यांना तर वेगळं सांगायला नको. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमातींवर गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो 1952 साली पुसला असं कागद म्हणतो. रात्री वस्तीवर गाडी आली की कागद कोणी वाचत नाही.

आपली म्हातारी माणसं म्हणतात, शिकार आपल्या बापजाद्यांची. खरं आहे. पण वनहक्क कायद्यात सगळे परंपरागत हक्क मोजताना शिकार आणि फासे यांचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. ती ओळ आम्हाला आवडत नाही, पण ती आहे हे माहीत नसलेला पोट्टा तुरुंगात जातो. रोही आणि रानडुक्कर मारायची परवानगी राज्यानं 2015 साली काढली. तीही अर्ज करून, वनविभागानं दिली तरच. आणि परवान्याची बंदूक आपल्यातल्या कोणाच्या घरी आहे? करंटबद्दल तर एवढंच सांगतो, तारेला हरीण आणि शेजाऱ्याचं लेकरू यातला फरक कळत नाही.

बरं, नुकसानभरपाई मागावी तर 3 दिवसांच्या आत अर्ज पाहिजे. तो कराच. पण वनजमिनीवरचं वावर कसणाऱ्याला, ज्याचा दावा अजून लटकलेला आहे, त्याला अतिक्रमणदार म्हणून परत पाठवतात. म्हणजे दाव्याचा निकाल द्यायचा नाही, आणि निकाल नाही म्हणून भरपाईही नाही. हरीण एकदाच खातं, हे दोनदा खातात.

आता आमचं म्हणणं. चारा पेरायचाच तर तो वावराजवळ नको आणि मारायसाठी नको. तो आपल्या सामूहिक जंगलात पाहिजे, हरणाला तिथंच पोट भरता यावं म्हणून. आपल्याच जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्य काळविटासाठी ओळखलं जातं. पण काळविटाला अभयारण्याची हद्द कळत नाही. त्याला गवताचा माळ लागतो. माळ म्हणजे पडीक, असं समजून कुठं नांगर फिरला, कुठं चर खोदून झाडं लावली. मग ते जनावर हरभऱ्यात नाही येणार तर कुठं जाईल?

जंगल गावाच्या हाती आलं तर करता येण्यासारखं बरंच आहे. पहिल्यांदा घाणेरी मुळासकट काढायची, कारण तिच्याखाली गवत उगवत नाही. मोकळ्या जागेत मारवेल, पवन्या, डोंगरी गवताचं बी पावसाच्या तोंडावर टाकायचं. ज्वारी, मका तिथं नको. त्यानं जनावराला पिकाचीच चटक राहते. बोर, आवळा, मोह तोडायचे नाहीत, चितळ खाली पडलेलं फळफूल वेचून खातं. पाणी त्याच बाजूला अडवायचं. चारा आत आणि पाणी वावरालगतच्या नाल्यात असलं तर जनावर रोज वावरातूनच जाणार. जंगलाकडच्या धुऱ्यावर करडईचे चार तास टाका. काटा असल्यानं थोडं अडतं, सगळं नाही.

सगळ्यात अवघड काम वेगळंच आहे. जिथं गवत राखायचं तिथं पावसाळ्यापासून बी झडेपर्यंत गुरं बंद. हे गुराख्यांना, गवळ्यांना, तांड्यावरच्या मंडळींना बैठकीत बसवल्याशिवाय ठरवू नका. त्यांना चराईला दुसरा भाग मोकळा ठेवा, आणि बी झडल्यावर राखलेल्या गवतातला कापणीचा वाटा त्यांनाही द्या. नाहीतर पहिल्याच महिन्यात भांडण होईल आणि गवत कोणीतरी पेटवून देईल. मोह वेचायला पालापाचोळा जाळायचा तर आधी भोवती पट्टा झाडून घ्या.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. तिथं जंगलाचा कारभार ग्रामसभा ठरवते. कायदा तोच, 2006 चा. त्यात जंगल राखण्याचा हक्क आहे आणि वन्यजीव राखण्याची जबाबदारीही ग्रामसभेवर आहे. म्हणून तुमच्या सामूहिक दाव्यात गवताचे माळ आणि पाणवठे नावानिशी लिहा. नुसतं "जंगल" लिहिलं की मोजणीच्या वेळी माळ बाहेर राहतो.

गावातल्या दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना घेऊन या आठवड्यात हद्दीवरून चालत जा. त्यांचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरला जातो. कुठला माळ, कुठली झिरी, जनावराची वाट कोणती, ते सांगतील तसं कागदावर काढा आणि पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या.